चुकलास, आळश्या!

आता तुम्हाला सांगतोच, पण चहा आधी संपवून घ्या. नंतर हसताना सांडला तर मला बोलू नका!

मी परभणीत मोठ्या माणसांसाठी ऑनलाइन कोर्स तयार करतो. मागे शेतकरी गटांसाठी एक केला. गोदाम कसं सांभाळायचं, सोयाबीन किती वाळवायचं, पोत्यांची थप्पी कशी लावायची, असं सगळं. प्रत्येक धड्यानंतर प्रश्न. उत्तर चुकलं की माझाच आवाज यायचा, "चुकलास, आळश्या! लक्ष कुठंय तुझं? परत बघ!"

कोर्स कसा जिवंत वाटला पाहिजे, नाही का? ऑफिसात सगळे पोट धरून हसले. मी कॉलर ताठ केली.

मग अधिक महिना आला आणि वालूरच्या सासऱ्यांनी धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. म्हणजे जावयाची नुसती चंगळ! पण दारात पाऊल टाकलं तर सासूबाई हसल्यासुद्धा नाहीत. पुरणाचे धोंडे ताटात अक्षरशः आदळले. मेहुणा भिंतीकडं बघत बसलेला. बायकोनं तर माहेरी पोचताच पक्ष बदलला होता.

मला वाटलं, दिवाळीला आलो नाही त्याचा राग. सासूबाईंना म्हटलं,

"मामी, दिवाळीचं चुकलंच माझं."

"दिवाळीचं जाऊ द्या! रोज दुपारी फोन करून ह्यांला काय बोलायलाव तुमी?"

"मी? मामांना?"

"आळशी म्हणता! अरेतुरे करता! बिचारे दार लावून गपगुमान ऐकून घेतेत. मी भाईर उभी राहून ऐकलंय. तुमचाच आवाज!"

तुमच्या लक्षात आलं ना? माझ्याही आलं! मामांकडं बघितलं, तर ते ताटातच बघायला लागले.

"अगं, फोन न्हाई त्यो, कोर्स हाय," शेवटी ते पुटपुटले. "पास झालो तर गटाचं गोदाम माझ्याकडं येणार हाय. जावयाच्याच कोर्सात नापास झालो तर गावात काय तोंड दाखवू? म्हणून कुणाला बोललो न्हाई. आज शेवटची चाचणी हाय."

साठी उलटलेला माणूस! रोज जावयाची बोलणी खायची आणि दुसऱ्या दिवशी परत धड्याला बसायचं. खरं सांगतो, त्या दिवशी पाटावर मला नाही, त्यांना बसवायला हवं होतं.

जेवण राहिलं बाजूला. सगळे फोनभोवती जमलो. पहिलंच उत्तर चुकलं आणि भर पंक्तीत माझा आवाज घुमला, "चुकलास, आळश्या!" सासूबाईंनी माझ्यापुढचं तूप उचलून नेलं.

मामा मात्र शांत. चष्मा पुसला, धडा परत बघितला आणि मग एकेक करत सगळी उत्तरं बरोबर! स्क्रीनवर आलं, 'उत्तीर्ण'. फोन मात्र गप्प.

"का हो जावईबापू," मामा म्हणाले, "चुकल्यावर लय बोलता. बरोबर आल्यावर तुमचं तोंडच उघडत न्हाई?"

मोठ्यांना शिकवायला निघालो आणि शाबासकी रेकॉर्ड करायलाच विसरलो होतो!

तिथंच त्यांना म्हटलं, मामा, आता आवाज तुमचाच. त्यांनी आधी खणखणीत "शाब्बास!" दिली. मग चुकणाऱ्यासाठी, माझ्याकडं बघत, अगदी मायेनं म्हणाले, "असू द्या जावईबापू, घाई करू नका. परत बगा."

मीही तसंच कोर्सात टाकलं. लोकांना इतकं आवडलं, इतकं आवडलं, की आता वालुरात कुणाचं माप चुकू द्या नाहीतर थप्पी ढासळू द्या, लोक एकच म्हणतात, "झाला बगा ह्याचा जावईबापू!"