‘बरी झाले’ म्हण

“तुझ्या घरी काय शिजतं गं?”

माईकवरून विचारलं होतं. समोर सतरंजीवर सगळे पेशंट बसलेले. कुणी शेठ-सावकाराच्या घरचे, कुणी मास्तर, कुणी बँकेतले. मी मागे, खांबाला टेकून. पोटात पीळ पडत होता म्हणून टेकले होते. निसर्गोपचाराचं शिबिर होतं ते, जळगावात, एका मंगल कार्यालयात. चालवणारे एक रिटायर हेडमास्तर. सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. खादीचा सदरा आणि आवाज इतका गोड की शिवीसुद्धा आशीर्वादासारखी वाटावी. बाकीच्यांना त्यांनी विचारलं, झोप लागते का, चहा किती होतो, चिंता कसली. माझी पाळी आली तेव्हा आधी आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग हा प्रश्न.

मी म्हटलं, “भाकरी. डाळ. मिरचीचा ठेचा.”

“ते झालं. रविवारी काय शिजतं?”

लोक हसले. मोठ्याने नाही. शिकलेली माणसं मोठ्याने हसत नाहीत, नाकातून हसतात. मी खाली बघत राहिले, तर गुरुजी म्हणाले, सांग, सांग, इथे लपवायचं नाही. मग सांगितलं. जमलं तर मटण. नाहीतर सुकट. माझ्या पुढे बसलेल्या बाईने पदर नाकाला लावला. सुकट त्या हॉलमध्ये नव्हतीच. नुसतं नाव काढलं होतं मी.

गुरुजी सगळ्यांकडे बघून म्हणाले, “पाहिलंत? रोग या दाराने आत येतो.”

आज म्हातारी झाले. नातवंडं झाली. पण तो माईक अजून कानात वाजतो.

आता तुम्ही म्हणाल, गेलीस कशाला? तेच सांगते.

मी डाळ मिलमध्ये कामाला होते. बायकांनी ओळीत बसायचं, डाळ पसरायची, खडे आणि काळे दाणे वेचायचे. लग्न होऊन जळगावला आले तेव्हापासून तेच काम. शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन पुड्याच्या कागदांवर आणि विहारातल्या पुस्तकांवर. माझे मालक, म्हणजे नवरा, हमालीला, सासरे म्हणजे आबा घरी. तेही आधी हमालच होते, पाठ गेली म्हणून बसले.

पोट कधी बिघडलं ते नेमकं सांगता येत नाही. आधी उजवीकडे खाली दुखायचं. मग जुलाब. मग रक्त. मिलमध्ये संडास एकच, ऑफिसच्या मागे, त्याला कुलूप. चावी मुकादमाकडे. बायकांनी मागच्या बाभळीत जायचं. एकदा सकाळी, एकदा दुपारी, असा रिवाज. माझं पोट रिवाज मानेना. कळ आली की उठून पळायचं. शेजारी शेवंता बसायची, माझी जिवाभावाची. मी नुसती हलले तरी विचारायची, “गाडी उनी का व माय?” मी म्हणायचे, “उनी.” म्हणजे आली. सगळी ओळ हसायची. ते हसणं वेगळं होतं, बरं का. त्यात माझा वाटा होता.

एकदा मात्र गाडी थांबली नाही. मुकादमाला चावी मागितली. तो म्हणाला, ऑफिसचं आहे ते, तुमच्यासाठी नाही. बाभळीपर्यंत पोचले नाही मी. लुगडं भरलं. मुकादम तिथेच उभा. म्हणाला, “खाण्याच्या मालात काम करता तुम्ही, जरा स्वच्छता शिका.”

जळगावच्या डॉक्टरने आतड्याचा टीबी सांगितला. तेव्हा पोटात असं काही निघालं की टीबीच म्हणत. टीबीच्या गोळ्या कितीतरी महिने खाल्ल्या. फरक पडला नाही, पण मिलमध्ये नाव पडलं. टीबीवाली. शेवटी आतडं बंद पडायला आलं, उलटी थांबेना, तेव्हा मालकांनी धुळ्याला नेलं, एका ट्रस्टच्या दवाखान्यात. तिथे पोट उघडलं, आतला तुकडा तपासायला मुंबईला पाठवला. टीबी नव्हताच. क्रोन म्हणाले. आतड्याचा आजार आहे, जात नाही, दाबून ठेवावा लागतो, एवढं कळलं. शेवंता म्हणाली, हा कुठल्या गावचा पाहुणा म्हणायचा?

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. एक पिवळी, मोठी. एक पांढरी, बारीक. मालकांनी हात जोडून विचारलं, साहेब, या किती दिवस घ्यायच्या, यांनी काय होतं? डॉक्टरांचा हात माझ्या पोटावर होता, टाक्यांवर. त्यांनी मालकांकडे बघितलं नाही. हाताखालच्या डॉक्टरला म्हणाले, “या लोकांना सांगून काही कळत नाही. नुसतं घ्या म्हणावं.”

माझ्या पोटावर हात ठेवून म्हणाले. जणू पोटाला कान नसतात.

गोळ्यांनी रक्त कमी झालं, हे खरं. पण तोंड फुगलं. गाल असे की आरशात मला माझी ओळख पटेना. ओठावर लव आली. भूक लागायची भलती आणि झोप उडाली. आमच्याच वस्तीत बाया बोलल्या, शेठची डाळ चोरून खाते, बघा कशी टरटरली. हसू नका, मी रडले होते तेव्हा. मग काही महिन्यांनी गोळ्या चालू असतानाच पोटाने परत उचल खाल्ली. कळा, रक्त, ताप. आता मला सांगा, अशा वेळी बाईने काय समजावं? जी गोळी तोंड बिघडवते आणि पोटही धरत नाही, ती कशाला गिळायची?

तेवढ्यात शेठाणीबाईंनी बंगल्यावर बोलावलं. मिलमालकाची बायको त्या. वाईट नव्हत्या. पाणी विचारलं, ओट्यावर बसवलं. म्हणाल्या, त्या इंग्रजी औषधांनी तुझं काय झालंय बघ, सगळं विष आहे. आमच्या गुरुजींचं शिबिर आहे, तुझी सोय मी करते. मी मान हलवली. मग उठता उठता म्हणाल्या, मुकादम म्हणतो टीबीवाली नको, बाकीच्या बाया घाबरतात. तू गुरुजींकडून बरी होऊन आलीस तर मी त्याला सांगीन.

म्हणजे काम शिबिराला बांधलं. ताक पिऊन बरी झाले तर ओळीत बसायचं, नाहीतर घरी.

गुरुजींनी पहिल्याच दिवशी, ते रविवारचं विचारून झाल्यावर, माझ्या गोळ्यांची पुडी मागून घेतली. खिडकीतून खाली टाकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग सकाळी कडुनिंबाचा रस, कुड्याच्या सालीचा काढा, दिवसभर पातळ ताक, पोटावर ओल्या मातीची पट्टी. बाकी उपास. पहिले दोन दिवस हलकं वाटलं. का नाही वाटणार? आतड्यात काही गेलंच नाही तर दुखेल काय? मी शेवंताला म्हटलंसुद्धा, लागू पडतंय बरं का. मला बरं व्हायचं होतं हो. कुणी माती लाव म्हटलं तर माती, कुणी शेण म्हटलं असतं तर शेण.

मग अंगातलं बळ जायला लागलं. भूक मेली. उभी राहिले की डोळ्यांपुढे काळं. ताक उलटून पडायचं. रक्त परत सुरू झालं, आधीपेक्षा जास्त. मी गुरुजींना सांगितलं. म्हणाले, आतलं विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे. दुसऱ्यांदा सांगितलं तर म्हणाले, पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे, वेळ लागणार.

पिढ्यान्‌पिढ्यांचं. आतड्याचं बोलत नव्हते ते.

शेवटच्या दिवशी समारंभ असायचा. बऱ्या झालेल्यांनी स्टेजवर जायचं, अनुभव सांगायचा, ओंजळीत पाणी घेऊन एक नियम घ्यायचा. कुणी चहा सोडायचा, कुणी तंबाखू. देणगीदार पुढच्या खुर्च्यांवर. माझा नियम शेठाणीबाईंनी आधीच ठरवला होता. वाक्यंही त्यांचीच. ओट्यावर बसवून माझ्याकडून म्हणवून घेतली. ‘मी मांसमच्छी खात होते म्हणून मला हा रोग झाला. गुरुजींच्या कृपेने मी बरी झाले. आजपासून माझ्या घरात हे शिजणार नाही.’ पाठ झालं का, विचारलं. परत म्हणायला लावलं. ‘बरी झाले’ जरा जोरात म्हण, म्हणाल्या.

घरी येऊन मी चुलीपुढे तेच घोकत होते. आबा बाजेवर पडलेले. मला वाटलं झोपलेत. आबा पारोळ्याकडच्या खेड्यातले, बोलणं सगळं अहिराणी. त्यांच्या तरुणपणी गावात बैठक झाली होती, आपल्या माणसांनी मेलेलं ढोर ओढणं आणि खाणं सोडलं होतं. उपाशी राहिले, पाटलाच्या काठ्या खाल्ल्या, पण परत हात लावला नाही. ती गोष्ट ते फार कमी सांगायचे.

त्या दिवशी पडल्या पडल्या म्हणाले, “ते आमनं आम्ही सोडं, माय. कोनी माईकवर बोलाईसन सोडाले लावं नही.”

एवढंच. कूस बदलली. खा म्हणाले नाहीत, सोड म्हणाले नाहीत. काम जाईल याबद्दल काही बोलले नाहीत, आणि काम गेलं तर चूल कशी पेटेल हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

समारंभाला शेवंता धरून घेऊन गेली मला. सकाळपासून पातळ रक्तच पडत होतं. स्टेजच्या पायऱ्या चढताना कुणीतरी कौतुकाने म्हणालं, बघा, चेहऱ्यावर तेज आलंय. ताप होता तो. गुरुजींनी माझ्या ओंजळीत पाणी ओतलं, माईक तोंडापुढे आणला. शेठाणीबाई पहिल्या खुर्चीवर. त्यांचे ओठ हलत होते, माझी वाक्यं म्हणत होत्या.

मी ओंजळ सोडली. पाणी माझ्याच पायावर पडलं.

“मी बरी नाही,” मी म्हटलं. “आज सकाळी पण रक्त पडलं. माझ्या घरात काय शिजतं त्याने हे झालेलं नाही. आणि मी काही सोडत नाही.”

आवाज बारीक निघाला, पण माईकला बारीक आवाज चालतो. सगळ्यांनी ऐकलं. गुरुजींनी माईक काढून घेतला, हसले, म्हणाले, श्रद्धा कमी पडली बिचारीची. शेठाणीबाईंनी मान फिरवली. मी पायऱ्या उतरले आणि शेवटच्या पायरीवर कोसळले. उचलायला शेवंता आली. दुसरं कुणी नाही. बाकी हॉल पुढच्या अनुभवाला टाळ्या वाजवत होता.

धुळ्यापर्यंतचा रस्ता मला अर्धाच आठवतो. कुणाच्या तरी जीपमध्ये मागे झोपवलं होतं. एरंडोलच्या पुढे शेवंता गालावर चापट्या मारत होती आणि मालक ड्रायव्हरला विनवत होते. दवाखान्यात सुया, बाटल्या, आणि परत पोट उघडलं. हातभर आतडं काढलं. शुद्धीवर आले तेव्हा मोठे डॉक्टर पायाशी उभे, आणि रागावलेले.

“गोळ्या कुणी बंद केल्या? कुणाला विचारून बंद केल्या?”

मालक रडायला लागले. साहेब, चुकलं, म्हणाले. आमच्यात ती सवयच होती. आधी चुकलं म्हणायचं, मग काय चुकलं ते विचारायचं, तेही विचारायचं नाहीच.

नर्सने पांढरी गोळी माझ्या तळहातावर ठेवली. मी मूठ मिटली.

“साहेब, बंद करायची नसते हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं?”

डॉक्टर म्हणाले, घे आधी ती गोळी. मी म्हटलं, “घेते. ही काय आहे, आणि सोडली की काय होतं, ते सांगा. मगच घेते. मला कळतं. मराठीत सांगा.”

ते जायला वळले होते. दाराशी थांबले. हाताखालचे दोघे त्यांच्याकडे बघत होते. मग उभ्या उभ्याच, भिंतीकडे बघत सांगितलं. ही गोळी शरीरात तयार होणाऱ्या एका रसासारखी असते. बरेच दिवस घेतली की शरीर आपला रस करायचा विसरतं. एकदम बंद केली तर माणूस कोसळतो. मरतोही. कमी करायची तर थोडी थोडी, डॉक्टरच्या देखरेखीत.

झालं. चहा निवायच्या आत सांगून झालं. एवढंच होतं ते. एवढं सांगितलं असतं तर गुरुजींच्या हातात मी ती पुडी दिली नसती. एवढं कळायची लायकी नाही असं ठरवून मला घरी धाडलं होतं.

मी मूठ उघडली. गोळी गिळली.

मिलमधलं काम गेलं. माझ्या जागी दुसरी बसली. गुरुजींचं शिबिर पुढेही भरत राहिलं, दुसरं कुणीतरी ‘बरी झाले’ म्हणत राहिलं. मी पुढे कुणाकुणाच्या घरी भांडी घासली, शिवण शिकले. आजार गेला नाही. वर्ष-दोन वर्षांनी उचल खातोच, परत त्याच कळा, तेच रक्त. पोटावर दोन वण आहेत, पावसाळ्यात ओढतात.

कुड्याच्या सालीवर माझा राग नाही. ताक मी आजही पिते, पोट बरं असलं की. बेलाचा मुरंबा घरात असतो. पण पोट पेटलं की गोळी घेते, कारण तिने काय होतं ते मला ठाऊक आहे. वाईट काय होतं तेही ठाऊक आहे. तोंड फुगतं. फुगू दे.

आता कुठल्याही डॉक्टरपुढे, वैद्यापुढे मी स्टुलावरून उठत नाही. मागची रांग ओरडली तरी नाही. काय आहे, कशासाठी आहे, सोडलं तर काय, विचारते. रागावले तर परत विचारते. ‘या लोकांना’ कुणी म्हटलं तर म्हणते, हे लोक इथेच बसलेत, त्यांच्याकडे बघून बोला. वस्तीत कुणी बाई दवाखान्यात निघाली की मी सोबत जाते. ती नको म्हणाली तरी जाते. तिला पुढे बसवते, विचार म्हणते. ती लाजली तर मी विचारते.

मरायचं तर एक दिवस मरेनच, या आतड्याने नाहीतर दुसऱ्या कशाने. पण माझ्या पोटात जे जाईल ते मला सांगून जाईल. न सांगता कुणी दिलं, मग ते औषध असो की तीर्थ, मी थुंकीन.