जुन्या कापडाची वात

नवं कोरं सुती कापड फुकट देऊ केलं तरी नाक मुरडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. परळच्या एका गल्लीत माझं शिवणाचं दुकान आहे. समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर बेने इस्राएल लोकांचं, म्हणजे आपल्या कोकणातून आलेल्या मराठी ज्यूंचं, छोटं प्रार्थनालय. त्याची देखभाल करणाऱ्याला ते लोक शमाश म्हणतात, म्हणून ते सगळ्या गल्लीचे शमाशकाका. तिथे पवित्र ग्रंथांच्या कपाटासमोर साखळीने टांगलेला काचेचा पेला होता आणि त्यात खोबरेल तेलाचा दिवा. तो कधीच विझू द्यायचा नाही, असा त्यांचा धर्म. त्या दिव्याच्या वातीसाठी काका माझ्याकडे यायचे, तेही नेमके गणपतीच्या आधी, जेव्हा मला पाणी प्यायलाही फुरसत नसायची.

माझ्याकडे सुती तुकडे गोणीभर. म्हटलं, न्या हवे तेवढे. तर हे चष्मा कपाळावर चढवून एकेक तुकडा बोटांत चोळणार आणि परत टाकणार. "नवं नको ग. झिजलेलं दे." का, तर म्हणे यरुशलेमच्या मंदिरात दिव्यांच्या वाती याजकांच्या, म्हणजे त्यांच्या पुजाऱ्यांच्या, जुन्या, विरलेल्या कपड्यांच्या करायचे. सेवा करून कापड फाटलं की फेकायचं नाही, त्याला दिव्यात जागा द्यायची. ऐकायला छान आहे हो, पण दर वेळी पहिल्यापासून? एका हाताने मशीन थांबवायची आणि दुसऱ्या हाताने गिऱ्हाईक, असे माझे हाल व्हायचे.

एकदा तर कहर केला. शाळेतल्या एका बाईंनी जुनी सुती साडी रफू करायला ठेवली होती. मी चहा घ्यायला दोन मिनिटं बाजूला गेले, तेवढ्यात काकांना ती हाताला मऊ लागली, टाकाऊच असणार असं समजून ते घेऊन गेले. संध्याकाळपर्यंत अर्ध्या साडीच्या पट्ट्या झालेल्या. बाई दुकानात उभ्या राहून जे काही बोलल्या ते अख्ख्या गल्लीने ऐकलं. मी त्यांच्या विनवण्या करतेय आणि काका शांतपणे त्यांना विचारतात, "तुम्ही मुलांना शिकवता ना? मग बरोबर आहे. आमच्यात इथे याजक नाहीत. कष्टाने झिजलेलं असलं की मी चालवून घेतो." बाई निघून गेल्या आणि पुन्हा माझ्या दुकानाची पायरी काही चढल्या नाहीत.

तेलाचीही तीच तऱ्हा. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, त्यावरून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे, हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही सांगेन. आणि या तेल्याच्या घरी घाण्यावरचं चांगलं खोबरेल जायचं दिव्याला, स्वतःची भाजी मात्र कुठल्याशा स्वस्त पिशवीतल्या तेलात. खोकून खोकून बेजार व्हायचे. निदान शेंगदाणा तेल खा, म्हणून मी ओरडले की म्हणायचे, मंदिरातसुद्धा ऑलिव्हचं पहिलं तेल दिव्यासाठी ठेवायचे, नंतरचं नैवेद्याच्या पिठात. म्हटलं, अहो, मंदिरातल्या लोकांना खोकला नव्हता. त्यावर मिश्कील हसायचे आणि पुन्हा तेच तेल आणायचे. मी हात टेकले.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा शिमोन तिकडे इस्राएलमध्ये, अश्दोदला. गल्लीतली त्यांची माणसंही एकेक करून तिकडे, नाहीतर ठाण्याला गेली. त्यांच्या प्रार्थनेला दहा पुरुष जमावे लागतात, ते सणावारीसुद्धा जमेनात. काकांचे गुडघे कामातून गेलेले, तरी कठडा धरून दिवसातून दोनदा तो जिना चढायचे. प्रार्थनालयाचे ट्रस्टवाले म्हणत होते, विजेचा दिवा बसवतो, तुम्ही सुटाल. काकांचं एकच उत्तर, मी मेल्यावर बसवा. शिमोन फोनवर रडकुंडीला यायचा. म्हातारा माणूस, एकटा, एक दिवस जिन्यावरून पडला म्हणजे? शेवटी त्याने मलाच गळ घातली. ताई, तुमचं ऐकतील, त्यांना इकडे पाठवा. माझं ऐकतील म्हणे! माझं ऐकत असते तर शेंगदाणा तेल खाल्लं नसतं का?

तरी गेले. बघते तर काका स्टुलावर चढून पेला पुसतायत. आधी त्यांना खाली उतरवलं, मग मी बोलायला लागले. ते नेहमी सांगायचे की त्या यरुशलेमच्या मंदिराच्या खिडक्या आतून अरुंद आणि बाहेरून रुंद होत्या, म्हणजे उजेड आत घ्यायला नव्हे, बाहेर सोडायला. मी तेच त्यांच्या तोंडावर फेकलं.

"देवाला दिवा लागत नाही, असं तुम्हीच सांगता ना काका? मग अडून कोणासाठी बसलाय? पोरगा तिकडे झुरतोय."

ते फडक्याची घडी घालत राहिले.

"देवाला नकोच आहे ग, सुलू. पण खालून जाणाऱ्याला खिडकीत उजेड दिसला की कळतं, घरात कोणीतरी आहे. आमची माणसं येतात ना तिकडून कधी, नातवंडांना घेऊन. खाली उभी राहून वर बघतात. त्यांना काय रिकामं घर दाखवू?"

इतका संताप आला मला. खाली येऊन शिमोनला फोन लावला आणि सांगितलं, तुझा बाप येत नाही, तूच ये. तो म्हणाला, सुट्टी मिळाली की निघतो.

तो आला, पण बापाला माती द्यायला. एका सकाळी काका दिव्यात तेल घालून उतरले आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले. मी पाणी घेऊन पोचेपर्यंत गेले होते. आयुष्यभर त्यांच्यावर ओरडले, त्या दिवशीही उठा, उठा म्हणून ओरडतच राहिले. लोकांनी मला बाजूला केलं.

शिमोन परत गेला आणि त्याच आठवड्यात ट्रस्टने पेल्यात विजेचा दिवा बसवला. ज्योतीसारखा लुकलुकणारा, पिवळा. तेल नको, वात नको, कोणी जिना चढायला नको. दाराला कुलूप, आणि आत दिवसरात्र उजेड. त्या दिव्याचा मला भयंकर राग येतो. दुकान बंद करताना वर नजर जाते, खिडकी उजळलेली दिसते आणि क्षणभर वाटतं, आहेत. मग शटर इतक्या जोरात ओढते की शेजारचा पानवाला दचकतो.

शिमोन दर शुक्रवारी फोन करतो. बाप होता तोवर या दिव्याला वेडेपणा म्हणणारा हाच तो. तब्येत विचारतो, धंदापाणी विचारतो, पण फोन कशासाठी केलाय ते मला ठाऊक असतं. शेवटी येतोच त्यावर. ताई, दिवा चालू आहे ना? मी दर वेळी हो म्हणून विषय संपवते. गेल्या शुक्रवारी ब्लाउजांचा ढीग पडलेला, डोकं आधीच फिरलेलं, आणि तोंडातून निघून गेलं.

"चालू आहे रे. घरात कोणी नाहीये."

बराच वेळ दोघांनीही फोन ठेवला नाही.