दादाची पाळी, माझं नाव

कुणालाही न सांगितलेली गोष्ट आधी सांगून टाकतो. माझ्या सिनेमातला थोरला भाऊ, जो गाव सोडत नाही, आईचं सगळं करतो, तो मी नाही. तो माझा दादा. पण परभणीच्या हॉलमध्ये लोकांनी विचारलं तेव्हा मी 'हो, मीच' म्हणालो. दादा तेव्हा तिसऱ्या रांगेत बसला होता.

आमच्या गावाहून, चुडाव्याहून, पहिल्यांदा पुण्याला निघालो तेव्हा स्टेशनावर सोडायला तोच आला होता. बॅग वर ठेवून त्यानं शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं, "मामा, पोरगं पुण्याला चाललंय. परभणीला गाडी बदलायची हाय त्याला. लय झोपाळू हाय, उठवा जरा." डबाभर लोक हसले. मी एवढा ओशाळलो की गाडी हलल्यावर हात करायचाही राहिला. पाहिलं तेव्हा तो पाठमोरा झपाझप चालत निघाला होता. देवळात आमच्या घराची पूजेची पाळी होती. वडील नेहमी म्हणायचे, "देव थांबतो रे, पाळी थांबत न्हाई."

आम्ही गुरव. महादेवाची पूजा भाऊबंदांत पाळीनं चालते, घरात पुन्हा भावाभावांत वाटून. ज्याची पाळी त्याच्या नावानं देवापुढं गाऱ्हाणं. मी गेल्यावर माझ्या वाट्याची पाळीही दादाच करू लागला. पाणी तो शेंदणार, गाभारा तो धुणार, बेल तो आणणार, आणि शेवटी हात जोडून म्हणणार, "धाकट्याची सेवा गोड मानून घे, देवा." ही सोय वडिलांनीच लावून दिली होती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कष्ट त्याचे, नाव माझं. कधी गेलो गावी तर लोक म्हणायचे, "तुझी पाळी झाली बरं का परवा." मीही मान डोलवायचो.

पुण्यात मी एडिटिंगला लागलो. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या मालिका कापल्या. पन्नाशी दिसू लागली तेव्हा वाटलं, स्वतःचं काहीतरी करावं. पण स्वतःचं म्हणजे काय, ते सापडेना.

मग आई पडली. खुब्याचं हाड मोडलं, ती खाटेला खिळली. मी निघतो, निघतो म्हणत राहिलो. डेडलाइन होती, खरंच होती. एका सकाळी दादानं व्हिडिओ कॉल केला. फोन तेलाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि आईची वेणी घालायला बसला. त्याची ती जाडजूड बोटं. मधेच आई कळवळली, "हळू रे, ओढायलास की." तो म्हणाला, "धाकट्याला दाखवायचं म्हणून नीट घालायलोय. एरवी न्हाई का तू माझ्याकडून अंबाडाच घालून घेतीस?" दोघं हसली. आणि मी स्क्रीनशॉट घेतला. प्रकाश फार सुंदर पडला होता.

तिथून सिनेमा झाला. लहानसा, मित्रांच्या जोरावर. फेस्टिव्हलला लोक वेणीच्या प्रसंगाबद्दलच बोलायचे. 'हे जगल्याशिवाय सुचत नाही,' म्हणायचे. मी गप्प बसायचो. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, अशी समजूत करून घेतली होती.

परभणीला खेळ ठेवला तेव्हा दादा आईला घेऊन आला, वहिनीही आली. सिनेमा संपल्यावर एका मुलीनं उभं राहून विचारलं, "सर, तो मोठा भाऊ म्हणजे तुम्हीच ना?" दादा समोर दिसत होता. मी म्हणालो, "हो, मीच." का म्हणालो? घाबरलो म्हणावं तर तसंही नव्हतं. लोक 'तुझी पाळी झाली' म्हणायचे तेव्हा मान जशी हलायची, तशीच ती हलली. टाळ्या पडल्या. दादानंही वाजवल्या.

बाहेर आई व्हीलचेअरवरूनच म्हणाली, "मला एवढी म्हातारी कामून दाखवलीस रे?" वहिनीनं पदर सारखा केला. "भावजी, पिच्चरमधी सासूबाईची लय सेवा केलीत. आता चार दिस खरी बी करून बघा. वेणी आमी शिकवतो." मी हसलो. दादा हसला नाही, रागावलाही नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चांगलं केलंस. म्हंजे आता तू बी घरी राहिल्यासारखं झालं."

हा टोमणा होता की माफी? की देवापुढं माझं नाव घेतो तसंच त्यानं हेही सहज माझ्या नावावर करून टाकलं? धंदा एडिटिंगचा. ते वाक्य मनात कितीदा मागंपुढं केलं, वेगवेगळ्या चेहऱ्यांवर लावून पाहिलं. कुठंच बसत नाही. तो मात्र गावभर सांगत फिरतोय, भावानं भारी पिच्चर केलाय म्हणून.

तुमच्यापैकी जे गावी राहिलात, जे माझ्यासारखे निघालात, त्यांना विचारतो: घर कुठलं म्हणायचं? पुण्यातल्या फ्लॅटच्या दारावर माझी पाटी आहे, आत मी राहतो, पण तिथं मला कुणी हाक मारत नाही. चुडाव्यात मी नसतो, तरी माझ्या पाळीला माझं नाव घेतलं जातं. माझ्यावाचून माझं नाव जिथं नांदतं, तेच घर असावं बहुतेक. ठाऊक नाही.

देणं काय, ते मात्र ठाऊक आहे. आई ऐकू शकते तोवर, चार लोकांत, दादाला शेजारी उभं करून सांगायचं की घरी राहिला तो हा. आणि देवळातली एक अख्खी पाळी माझ्या हातानं करायची, त्याच्या नावावर.