बारा फुटांचा वाल

"चपला बाहेर! माझ्या कागदावर पाय पडला तर याद राखा!"

शिल्पकार विमलाबाईंनी माझं असं स्वागत केलं. पनवेलच्या बंद पडलेल्या भातगिरणीत त्यांनी जमीनभर खाकी कागद जोडले होते. त्यावर कोळशाने काढलेला बारा फुटांचा वाल. साल सुटलेली, कोंब वळून वर निघालेला. अहाहा! एकोणीसशे पन्नासनंतरची गोष्ट. मी बांधकाम ऑफिसात ड्राफ्ट्समन. जन्म रस्त्याखालच्या मोऱ्यांच्या आणि पुलांच्या सरळ रेघा ओढण्यात गेलेला. वालाचं बिरडं आवडीने खायचो, पण वाल असा कधी पाहिलाच नव्हता.

तळ्याकाठच्या बागेत तो सिमेंटमध्ये उभा राहणार होता. फाउंडेशनचं, म्हणजे पायाचं, ड्रॉइंग माझ्याकडे. मी वालाच्या एकाच बाजूची मापं घेतली. आमच्यात खांब काय, कमान काय, दोन्हीकडे सारखीच. अर्धं काढायचं, ट्रेसिंग पेपर सेंटर लाइनवर उलटा करायचा, उरलेलं गिरवायचं. साहेबांनी डोळे झाकून सही केली.

काँक्रीट ओतायच्या दिवशी सकाळी हिराजी गवंडी माझं ड्रॉइंग घेऊन आला.

"सायेब, तुमचा वाल ताठ हाय. बाईंच्या कागदावरचा तल्याकडं कलतो."

"अरे, एकच आहे ते."

"एकच नाय. आमी घरात वाल सोलतो. कोंब कधी मधोमध येतो का?"

मी ड्रॉइंग पुन्हा उलगडलं. वजन एका अंगाला आणि पाया मधोमध! दोन-चार पावसाळ्यांत शिल्प तळ्यात आडवं झालं असतं. बाईंची दोन वर्षांची मेहनत गेली असती, आणि नाव त्यांचंच खराब झालं असतं.

काम थांबवून साहेबांकडे धावलो.

"चूक कुणाची?"

"माझी, साहेब."

"मग बाईंना तूच सांग. मी नाही येणार."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अर्धाच वाल पाहिलात होय! आता पुरता बघा."

दिवसभर त्या कागदांवर पालथा पडून मी फुटाफुटावर दोन्ही बाजू मोजल्या. कपडे कोळशाने काळे झाले, बायकोची बोलणी खाल्ली, पण खरं सांगतो, नोकरीत इतका सुखाचा दिवस दुसरा आला नाही. पाया तळ्याच्या बाजूला तीन फूट वाढवला. शिल्प चढलं आणि आजतागायत केसभरही हललेलं नाही.

त्यानंतर मी एक नियम केला. ड्रॉइंग आधी गवंड्याला दाखवायचं. साहेबांची सही काय, कधीही मिळते.