खुल्या जागेतली आक्का

मिसरी लावताना आक्का बोलत नसे. उजव्या हाताचं बोट काळंभोर, तोंड मिसरीनं भरलेलं आणि समोर कोणीतरी रडतंय, अशी ती आमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे. रडणारा लहान असो की मिशी फुटलेला, ती त्याच्याकडे बघत सावकाश दात घासत राहायची. समजूत नाही, पाठीवर हात नाही. मग उठून चूळ भरायची, पदरानं तोंड पुसायची आणि म्हणायची, "रडून झालं का? मग बोल."

तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. लोक तिला घाबरतात आणि अडलं की तिच्याकडेच जातात.

मी तिला ओळखू लागलो ते लातूर जिल्हा झाल्यावर. बांधकाम परवानगीच्या कचेरीत मी ओव्हरसियर होतो. पण तिची गोष्ट त्याआधीची, दुष्काळातली. ती मूळची भोकरकडची. नवऱ्यानं नांदेडला गिरणीत जाऊन दुसरा संसार मांडला, तेव्हा ही बहिणीच्या दारात राहिली आणि बहात्तर साली टोळीबरोबर लातूरच्या बाजूला खडी फोडायला आली. घणाखाली डाव्या हाताची बोटं सापडली. मुकादमानं तिला फोडायच्या कामावरून उठवलं आणि बायांची लेकरं सांभाळायला बसवलं. चार खांब, वर पत्रे आणि खाली गोणपाट, एवढीच ती शेड. पुढे पाऊस पडला, टोळ्या आपापल्या गावी गेल्या. पत्रे न्यायला कोणी आलं नाही, आणि आक्काही गेली नाही. एक पोर मागं राहिली होती. तिची आई कामावरच तापानं गेली होती. सहा-सात वर्षांची ती सुमन आक्काजवळ राहिली.

आक्का मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, अप्पा नावाच्या व्यापाऱ्याच्या अडतीवर झाडायला जायची. पडलेलं धान्य पाखडायचं, पोती शिवायची. संध्याकाळी शेडमध्ये हमालांची पोरं जमायची. एक कॅरम आला, दिवा आला. कोणीतरी जुन्या पुस्तकांचं पोतं आणून टाकलं. भिंती नंतर झाल्या, त्याही पोरांनीच माती कालवून घातल्या. भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर लागली. अभ्यास, कॅरम, पोलीस भरतीची तयारी, गल्लीतल्या गरिबाचं लग्न, भांडणाचा निवाडा, सगळं तिथंच. कोपऱ्यात एक गोणपाटाचा पडदा होता. त्यामागं आक्काची चूल, तिची ट्रंक आणि तिचं व सुमनचं अंथरूण.

शेडमध्ये तंबाखूला बंदी होती. एकानं धीर करून तिच्या काळ्या बोटाकडे बघितलं, तर म्हणाली, "मी बिघडलेली हाय. तू आजून न्हाईस."

हात तिचा जड होता. कॅरमचा स्ट्रायकर चोरणाऱ्या एका पोराला तिनं संध्याकाळभर तो स्ट्रायकर दातात धरून सगळ्यांसमोर बसवलं. लाळ गळून शर्ट भिजला, तरी सोडलं नाही. तो पुढं हवालदार झाला. ही गोष्ट तो स्वतःच हसत सांगायचा. हसताना मात्र त्याचा हात जबड्याकडे जायचा, हे मी पाहिलं आहे.

जिल्हा झाला आणि गाव पसरलं. कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर साहेब आले, साहेबांसाठी प्लॉट पडले. शेडच्या चहूबाजूंनी कॉलनी उठली. नकाशा झाला तेव्हा शेड नेमकी कॉलनीच्या खुल्या जागेत, सगळ्यांसाठी मोकळ्या सोडलेल्या प्लॉटवर, आली. मग दारावर नोटीस लागली, की बांधकाम विनापरवाना आहे.

मोजमापाला मी गेलो. आक्कानं टेपचं दुसरं टोक धरलं आणि माझ्यामागं खांबाखांबाला फिरली. शेवटी एवढंच विचारलं, "ठिवतील का पाडतील?"

मी तिला नियम समजावून सांगितला. खुल्या जागेत लोकांच्या उपयोगाचं केंद्र ठेवायला परवानगी मिळू शकते. पण अर्ज नोंदणी झालेल्या संस्थेचा लागतो, एकट्या बाईचा चालत नाही. तिनं ऐकलं आणि सरळ अप्पांच्या अडतीवर गेली.

अप्पा वाईट माणूस नव्हते. कपाळावर भस्म, आवाज मऊ, मोंढ्यात शब्दाला वजन. त्यांचा नातू शेडमध्येच अभ्यास करून कॉलेजात गेला होता. केंद्र राहावं असं त्यांना मनापासून वाटत होतं, हे मी शपथेवर सांगेन. त्यांनी कॉलनीतले चार लोक गोळा केले आणि समिती केली. अध्यक्ष स्वतः झाले. सभासदांची नावं लिहिताना आक्काच्या नावापाशी त्यांची लेखणी थांबली.

"पत्ता काय लिवायचा आक्का?" त्यांनी विचारलं. "शेड लिवली तर कुणी तिथं राहतं असं व्हतं. लोकांच्या जागेत राहता येत न्हाई. अर्जच उडंल."

आक्कानं पोत्यावरून सुई काढली, दोरा दातानं तोडला. "मग नका लिवू," म्हणाली.

अशी ती समितीच्या बाहेर राहिली. भांडण नाही, अपमान नाही, सगळं तिच्या संमतीनं.

पाहणीला साहेब येणार त्या दिवशी सकाळीच पडदा काढला. चूल उचलून एका हमालाच्या घरी नेली, ट्रंकही नेली. जमीन सारवली. पोरांना बजावून ठेवलं होतं, की कोणी विचारलं तर इथं कोणी राहत नाही. आक्कानं नवं लुगडं नेसलं आणि पाहुणीसारखी दारापाशी बसली. सुमन आता शिक्षिकेचा कोर्स करून आली होती. केंद्रात लहान मुलांचा वर्ग तिनं चालवायचा असं समितीनं ठरवलं होतं, म्हणून ती अप्पांच्या शेजारी, साहेबांसमोर उभी होती.

साहेबांनी सगळं पाहिलं. पुस्तकं पाहिली, कॅरम पाहिला, मान डोलावली. मग कोपऱ्यात गेले. चूल हलवता आली होती, भिंतीवरची काजळी कशी हलवणार? साहेबांनी तिच्यावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि विचारलं, "इथे कोण राहतं?"

अप्पा म्हणाले, कोणी नाही, कधीतरी चहा होतो. पोरंही मुंडी हलवून मोकळी झाली. साहेब नुसते सुमनकडे बघत राहिले. शिकलेली मुलगी म्हणून असेल.

"आक्का राहतात," सुमन म्हणाली.

जन्मात पहिल्यांदा तिनं आक्काला अहोजाहो केलं. तोवर ती 'आक्का, वाढ गं' म्हणत आली होती, आम्ही सगळ्यांनी ऐकलेलं होतं.

अप्पांनी जमिनीकडे पाहिलं. आक्का दारापाशी तशीच बसून होती. तिनं सुमनकडे पाहिलं नाही. गुडघ्यावर हात टेकून उठली आणि साहेबांपुढं येऊन उभी राहिली.

"हाव, राहत व्हते," ती म्हणाली. "आजपासून न्हाई. तसं लिवा, साहेब. शेड तेवढी ठिवा."

साहेबही दुष्ट नव्हते. त्यांनी तसंच लिहिलं. परवानगी आली, आणि त्यात एक अट होती, की केंद्राच्या जागेत कोणाचाही निवास असणार नाही.

सुमननं असं का केलं, हे मी तिला नंतर विचारलं. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "खोटं बोललं की तीच मारायची." आणि पुढची वही ओढली. उत्तर खरं होतं. तिचं लग्न कॉलनीतल्या एका कारकुनाशी ठरत आलं होतं, आणि पडद्यामागं चूल मांडणारी, नवऱ्यानं टाकलेली, मोंढा झाडणारी बाई त्या लोकांना मुलीच्या माहेरी नको होती, हेही खरं होतं. ते मला अप्पांच्या घरून कळलं. यातलं कुठलं खरं त्या दिवशी तिच्या तोंडून बोललं, ते तिलाच ठाऊक.

आक्का अप्पांच्या अडतीच्या ओसरीवर पोत्यांत झोपू लागली. दिवसा काम तेच. कोणी शेडचा विषय काढला की ती सूप जोरात आपटायची. पण संध्याकाळी केंद्राच्या दिशेनं एक फेरी मारायची. आत जायची नाही, कोणी बोलवायचंही नाही. अट राहण्याविषयी होती, येण्याविषयी नव्हती. मी समितीतल्या दोघांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "आता परवानगी आली आहे, कशाला उगीच धोका घ्यायचा?"

उद्घाटनाला मांडव पडला. दारावर फलक लागला, त्यावर समितीची नावं. निळ्या कोटातली तसबीर आतल्या कपाटावर गेली. केंद्र सगळ्यांचं आहे, म्हणून भिंत मोकळी ठेवायची असं ठरलं होतं.

आक्का आली. तेच पाहणीच्या दिवशीचं लुगडं. बंदोबस्ताला तो स्ट्रायकरवाला हवालदार होता. त्यानं तिला फाटकापाशीच अडवलं, मग धावत जाऊन आतून एक खुर्ची आणली आणि फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला ठेवली.

"आक्का, हितंच बसा," तो म्हणाला. "आत लई गर्दी हाय. हितं सावली बी हाय."

आत निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. सावली मांडवातच होती. आक्का बसली. आयुष्यात खुर्चीवर बसलेली मी तिला तेवढी एकदाच पाहिली. पाय जमिनीला पुरत नव्हते, ते तिनं एकावर एक घेतले. पाहुण्यांचं भाषण झालं. ते म्हणाले, की ही जागा वर्षानुवर्षं पडीक होती, अप्पांच्या दूरदृष्टीनं तिचं सोनं झालं. टाळ्या पडल्या. त्या जागी अक्षरं गिरवलेले, मार खाल्लेले, जेवलेले लोक टाळ्या वाजवत होते. आक्कानंही वाजवल्या. डाव्या हाताची बोटं वाकडी, म्हणून आवाज आला नाही. पेढे वाटत वाटत फाटकापर्यंत आले आणि तिथं संपले.

दुसऱ्या दिवशी ती अडतीवर नव्हती. एष्टीनं भोकरला बहिणीकडे गेली, असं हमालांकडून कळलं. ट्रंक त्या हमालाच्या घरीच राहिली.

पुढे माझी बदली नांदेडकडे झाली. भोकरला कामानं गेलो की मी तिच्याकडे डोकावायचो. बहीण वारली होती, भाच्यानं घराचा मागचा एक खण तिला दिला होता. ती थकली होती. दरवेळी एकच विचारायची, पोरं येतात का? मी सांगायचो, येतात. पत्र्यांच्या जागी स्लॅब पडला, एका क्लासवाल्यानं दोन वर्ग चालू केले, शेडमधल्या पोरांना आता बाहेरच्या कट्ट्यावर बसावं लागतं, यातलं मी काही सांगितलं नाही. ती म्हणायची, "मग झालं की."

एकदा लातूरला गेलो असताना सुमन भेटली. लग्न झालं होतं, कडेवर मुलगी होती. म्हणाली, "मला तिच्याकडे घेऊन चला." त्या वर्षी पुन्हा पाऊस गेला होता. भोकरच्या बाजूला टँकर चालू होते. भर उन्हाळ्यात आम्ही गेलो. आक्काची आणि माझी ती शेवटची भेट. मृग निघायच्या आत ती गेली.

आक्का दारात बसली होती. सुमन पुढं होऊन वाकली, तसे आक्कानं पाय लुगड्याखाली ओढून घेतले. मग माझ्याशी बोलू लागली. भाच्याच्या बैलांविषयी, टँकरविषयी, गुडघ्याविषयी. मला पाणी दिलं. सुमनच्या लेकराला जवळ ओढलं, हातावर गुळाचा खडा ठेवला, केसांतून बोटं फिरवली. सुमन उन्हात उभी होती. तिला बस म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही.

"आक्का, माझ्याशी बोल ना," सुमन म्हणाली.

आक्कानं लेकरू उचललं आणि माझ्या हातात दिलं.

आम्ही निघालो, तेव्हा तिनं मला मागं बोलावलं. आत जाऊन तांब्या भरून आणला. म्हणाली, "एष्टीला वेळ हाय, साहेब. त्या लिंबाखाली बसा तवर. हे प्या. उरलं तर सांडू नका. टँकर उद्या न्हाई."

तो कडुलिंब दारापासून पन्नासेक पावलांवर होता. मी तर आधीच प्यालो होतो, म्हणून तांब्या सुमनपुढं धरला.

"माझ्यासाठी दिलंय?" तिनं विचारलं.

"तसं म्हणाली नाही," मी म्हणालो.

तिनं लेकराला पाजलं. ओठ तिचेही सुकले होते. तांब्या हातात धरून ती बराच वेळ दाराकडे बघत राहिली. आक्काही दारातून बघत होती. मग सुमननं तांब्या तिरपा केला आणि पाणी बुंध्याशी ओतून टाकलं, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत.

आक्का आत गेली. दार लागलं.

मी रिकामा तांब्या उंबऱ्यावर नेऊन ठेवला.