ईश्वरचा डावा कान

रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी ईश्वर चावीचं मनगटी घड्याळ आधी डाव्या कानाशी धरायचा, मग उजव्या. २००४च्या उन्हाळ्यात डावीकडची टिकटिक ऐकू येईनाशी झाली. त्यानं कुणालाच सांगितलं नाही.

नागपूरचा ईश्वर कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारात सॉफ्टवेअर तपासायचा आणि शनिवारी ओकलंडच्या एका रिकाम्या गोदामात डीजे असायचा. लोक विसरून गेलेल्या जुन्या रेव्ह पार्ट्यांचं भरधाव, तुटक ठेक्यांचं संगीत तो आणि त्याचा मित्र परीक्षित पुन्हा वाजवत. वाजती रेकॉर्ड उघड्या कानानं ऐकायची, पुढची हेडफोनमधून दुसऱ्या कानानं, आणि बोटानं दोन्हींची चाल जुळवायची. ईश्वरचा हेडफोनचा कान डावाच. ऐकू येईना तसा तो आवाज वाढवत गेला, आणि उरलंसुरलंही गेलं.

ऑक्टोबरातल्या एका पार्टीत दोन रेकॉर्डचे ठोके एकमेकांवर आदळू लागले. नाचणारे थांबले. ईश्वर मात्र मान डोलावत होता. परीक्षितनं हळूच आवाज कमी केला.

"काय करतोस यार? मस्त जुळलंय!" ईश्वर ओरडला.

परीक्षितनं समोर बोट दाखवलं. ईश्वरनं समोरची थांबलेली माणसं पाहिली आणि हेडफोन काढून ठेवला.

तो पुन्हा वाजवायला आला नाही. आधीच मंदावत चाललेला उजवा कानही हिवाळ्यात पार जड झाला, मीटिंगमधलं काही कळेना, तेव्हा त्यानं नोकरी सोडली आणि नागपूरला परतायचं ठरवलं. विमानतळावर सोडायला आलेला परीक्षित बरंच काही बोलला. त्यातलं ईश्वरला किती ऐकू आलं कोण जाणे. आजूबाजूचे वळून बघतील एवढ्या मोठ्यानं ईश्वर म्हणाला, "तुझ्या गाडीच्या मागच्या टायरमध्ये हवा कमी आहे रे, जाताना भरून घे."