परसदारातली नवी वाट

आज शेजारी कुणीतरी सिमेंट कालवत होतं, आणि त्या ओल्या वासाने मला म्हैसूरच्या आमच्या घराचं परसदार आठवलं. आईची नजर जवळजवळ गेली होती, तरी त्या उंचसखल जागेत ती सवयीने एकटी वावरायची. एकदा पाय घसरून पडली, तेव्हा आम्ही सगळं सपाट करून फरशी घालायचं ठरवलं. पण काम सुरू झालं आणि नळ, कपड्यांची दोरी, पायरी, तिच्या ओळखीचं सगळंच हललं. ती दाराशी नुसती बसून राहू लागली. मग गवंडी गेले की रोज संध्याकाळी बाबा तिचा हात धरून तिला बाहेर न्यायचे. "निधान, निधान," ते कानडीत म्हणायचे, "सावकाश ये. नळ आता इथं आहे, हात लावून बघ." काम संपल्यावर एका सकाळी आई म्हणाली, "आज मी एकटीच जाते. तुम्ही आत बसा." बाबा "बरं" म्हणाले, आणि अनवाणी तिच्या मागून निघाले, तिला सावरायला हात पुढे धरून, पण न लावता. ती नीट चालत मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, वेलापाशी पोचली, चाचपून फुलं खुडली आणि मागे न वळताच म्हणाली, "आलाच आहात, तर ओंजळ धरा." बाबांनी मुकाट्याने ओंजळ धरली. मी खिडकीतून बघत होते आणि मला हसू आलं होतं. आता ते दोघंही नाहीत, तरी ते आठवलं की अजून हसूच येतं.